खांबावरून येवल्याला

नाशिक, १४ ऑक्टोबर १९३४

अमिना,

तुला दुवा, अब्बांना सलाम. मी खुशाल आहे, काळजी करू नका.

न सांगता निघालो म्हणून तू रागावली असशील. सांगितलं असतं तर अब्बांनी जाऊ दिलं नसतं, तू रडली असतीस, आणि मग मी थांबलो असतो. म्हणून अब्बा फजरच्या नमाजाला गेले तेवढ्यात निघालो. शेजारचा रंगनाथ नाशिकची मोटार हाकतो हे एक बरं झालं. त्याला बोलू नका, मी त्याला अब्बांना विचारून आलोय असंच सांगितलं होतं.

मला इथल्या वीजकंपनीत काम मिळालं आहे. गावात खांब रोवून तांब्याच्या तारा ओढायचं काम. श्रावणात मी सराफ बाजारात शालू पोचवायला आलो होतो ना, तेव्हा एक माणूस खांबाच्या टोकाला पाहिला. कमरेच्या पट्ट्यावर रेलून, दोन्ही हात मोकळे सोडून तो वर काम करत होता, आणि खालून सगळा बाजार चालला होता. मी तासभर तिथंच उभा राहिलो. शेठच्या दुकानात उशिरा पोचलो, बोलणी खाल्ली. तेव्हापासून मागावर बसलं की मला आपला मागाखालचा खड्डा दिसायचा, ज्यात दहाव्या वर्षापासून मी पाय सोडून बसलोय.

तो खांबावरचा माणूस म्हणजे चिमाजी. पेठकडचा, चाळिशीचा लाइनमन. आता त्याच्याच हाताखाली मला दिलंय. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "खाली बघू नको असं कुनी सांगंल, त्याचं ऐकू नको. बघायचं. आपुन कुठं हाय ते ठावं पायजे." मी बघितलं. भीती वाटली नाही. अमिना, कसं सांगू, मला हसू आलं.

मागावरच्या शालूचा फक्त पदर राहिलाय. अब्बांच्या डोळ्यांना पदरावरचे मोर झेपायचे नाहीत, ते मला ठाऊक आहे. शेठना म्हणावं थोडं थांबा. रमजान ईदच्या आत मी येतो, पदर पुरा करतो. ईद झाली की तुझं लग्न. रहेमानच्या घरच्यांना विंचूरला तसं कळवलं आहेच. सगळं ठरल्यासारखं होईल.

तुझा भाई
इसाक


नाशिक, २ डिसेंबर १९३४

अमिना,

तुझं उत्तर नाही. रंगनाथला विचारलं तर तो आधी नीट बोलेना. मग म्हणाला, "तुझी बहीण मागावर बसली."

मला वाटलं थट्टा करतोय. आपल्या घरात बायकांनी धाग्याच्या कांड्या भराव्यात, उभा ताणा लावावा, पण मागावर बसून धोटा हातात घ्यायचा नाही, हे तर अब्बांचंच म्हणणं होतं. रंगनाथ म्हणाला की अब्बांनी स्वतः एक मोर सुरू केला, चार दिवस घालवले आणि उसवला. मग तू मागाच्या खड्ड्यात उतरलीस. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघून जातात म्हणे.

तू हे करायला नको होतंस. मी येणारच होतो.

पण आता ईदला जमेलसं दिसत नाही. सहा महिन्यांची उमेदवारी आहे, मधे कोणी गेला की त्याचं नाव कटतं. गोदावरीच्या पलीकडे पंचवटीत तारा न्यायच्या आहेत. माणसं कमी आहेत. मिस्त्री म्हणतो इसाकची बोटं बरी आहेत, तारेचा सांधा बारीक घालतो. तुटलेले धागे सांधून सांधून ही बोटं तयार झालीत, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

अब्बा मला न्यायला नाशिकला आले होते असं कळलं. फार वाईट वाटलं. नेमका मी त्या दिवशी देवळालीला होतो. सकाळीच आम्हाला तिकडे पाठवलं होतं, कॅम्पाकडे दोन खांब वाकले होते म्हणून. यायला संध्याकाळ झाली. आधी कळलं असतं तर थांबलो असतो. अब्बांना तसं सांग. नक्की सांग.

लग्न महिना-दोन महिने पुढे ढकलायला काय हरकत आहे? रहेमान समजूतदार आहे.

इसाक


नाशिक, २५ जानेवारी १९३५

अमिना,

रंगनाथनं सांगितलं. रहेमानचा निकाह निफाडच्या मुलीशी झाला.

त्याच्या आईनं काय निरोप धाडला तेही त्यानं सांगितलं. "आम्हाला सून हवी होती, विणकर नको." हे तुझ्यासमोर म्हणाली का ग? की अब्बांना एकट्यांना गाठून? मी रंगनाथला तीन वेळा विचारलं, त्याला माहीत नव्हतं.

विंचूरला जाऊन रहेमानला गाठावं असं मनात आलं. जाऊन काय बोलणार होतो? तो विचारणार, तू कुठं होतास?

ईदची नमाज इथल्या मशिदीत पढली. गळाभेटी झाल्या. कोणी शेवया खायला घरी बोलावलं, मी काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं. खोलीवर येऊन पडून राहिलो.

आणि दुसऱ्या दिवशी पंचवटीतले पहिले दिवे लागले. नदीच्या काठावर माणसं जमली होती. पेटले तेव्हा एकदम आरडाओरडा झाला. चिमाजीनं माझ्या पाठीत थाप मारली. त्यातल्या अर्ध्याअधिक तारा माझ्या हातच्या आहेत. मला आनंद झाला, अमिना. तुझं लग्न मोडलेलं तेव्हा मला कळलेलं नव्हतं हे खरं. पण मोडू शकतं हे कळत होतं, आणि तरीही आनंद झाला. तुला हे का लिहितो कोण जाणे. खोटं लिहून कंटाळलोय म्हणून असेल.

शालूचं काय झालं? पुरा झाला का? मोर कसे आले?

इसाक


नाशिक, ९ मार्च १९३५

अमिना,

परवा चिमाजीला वीज लागली.

आम्ही ओळीनं दोन खांबांवर होतो. खालून निरोप आला होता की स्वीच बंद आहे. कोणाचं ऐकण्यात चुकलं, कोणी मधेच चालू केला, त्याची चौकशी चालली आहे. मला नुसता 'ठक्' असा आवाज आला. वळून बघतो तर चिमाजी पट्ट्यावर मागे लोंबकळतोय, उजवा हात तारेवर तसाच. मी ओरडलो, स्वीच पुन्हा बंद झाला, तेव्हा हात सुटला. मी माझ्या खांबावरून उतरून त्याच्या खांबावर चढलो, त्याला दोरानं बांधून खाली सोडलं. खालच्यांनी झेलला. तो जगला. तळहात जळून गेलाय. डॉक्टर म्हणतात बोटं राहतील, पण मूठ वळणार नाही.

आज दवाखान्यात त्याच्याजवळ बसलो होतो. हाताला हे भलंमोठं पांढरं बोचकं बांधलेलं. मला म्हणाला, "इसाक, मी त्या म्हाताऱ्याला खोटं सांगितलं ना रं. लय वाईट केलं. त्याचंच हे."

मी म्हणालो, "तुझं काय त्यात? मीच सांगायला लावलं."

"तोंड तर माझंच होतं," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

तेव्हा आता लिहितो. मी देवळालीला नव्हतो.

अब्बा आले त्या दिवशी मी भद्रकालीजवळच्या चौकात खांबावर होतो. ऊन उतरलं नव्हतं. रंगनाथनं त्यांना चौकात सोडलं आणि तो मोटार घेऊन गेला. वरून मी अब्बांना लगेच ओळखलं. ती काळी टोपी, आणि रस्ता चाचपत टाकलेला पाय. अमिना, त्यांचे डोळे इतके गेलेत हे मला त्या दिवशी कळलं. घरात ते भिंतीच्या, मागाच्या सवयीनं चालतात. बाजारात एका हातगाडीला थडकले, गाडीवाल्याची माफी मागितली.

चिमाजी खाली दोर धरून होता. ते त्याच्याकडेच आले. मी वरून त्याला हात हलवून खूण केली, नाही म्हण. त्याला आधी कळलंच नाही. मी पुन्हा केली.

अब्बांनी विचारलं, "माझा मुलगा इसाक इथं कामाला आहे ना?"

चिमाजी म्हणाला, "देवळालीला गेलाय बाबा."

"आणि वर कोण आहे?"

"दुसरा हाय एक."

अब्बा रस्ता चाचपत वळले. मग समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदारानं पाणी दिलं ते प्यायले. मला वाटलं आता ते उठणारच नाहीत, मी येईपर्यंत बसणार. माझं वर काही काम उरलं नव्हतं. मी घट्ट असलेलाच बोल्ट सोडवून पुन्हा आवळत बसलो. शेवटी ते उठले आणि चिमाजीला म्हणाले, "त्याला सांगा, घरी सगळं ठीक आहे." आणि रंगनाथची मोटार सुटते त्या बाजूला गेले.

खाली उतरलो असतो तर त्यांच्याबरोबर येवल्याला गेलोच असतो. त्यांच्यासमोर 'नाही' म्हणायची माझी ताकद नाही. म्हणून उतरलो नाही. पदर मी विणला असता, ईद झाली असती, तू आज विंचूरला असतीस.

हे अब्बांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

इसाक


नाशिक, २१ एप्रिल १९३५

अमिना,

चिमाजीच्या जागी मला लाइनमन केलंय. उमेदवारी संपली. मिस्त्रीनं चार माणसांत सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

चिमाजी पेठला परत जातो आहे. त्याला मोटारीत बसवायला गेलो होतो. मी म्हणालो, "तुझा खांब मला नको." तो चिडला. "मी नाय चढनार, तर कुनी तरी चढनारच ना? मग तू चढ. तुला शिकवायला मी घसा फोडला तो काय फुकट?" गाडी सुटताना त्यानं डावा हात वर केला. त्याला अजून सवय नाही, आधी उजवाच उचलत होता.

आता इथं जे काही मला मिळालंय ते कोणाचं तरी घेऊन मिळालंय. तुझं, अब्बांचं, चिमाजीचं.

मी राजीनामा दिला आहे. पुढच्या आठवड्यात येवल्याला येतो. माझी मागावरची जागा मी परत घेतो, तू मोकळी हो. चांगलं स्थळ बघू. फार उशीर झालेला नाही. नगरकडे, मालेगावकडे आपले लोक आहेत. तू पुन्हा कधी धोट्याला हात लावायचा नाही, ही माझी जबाबदारी.

इसाक


नाशिक, १९ मे १९३५

अमिना,

नाशिकला पोचलो. मोटारीत सगळा रस्ता तुझंच बोलणं कानात होतं. विंचूर आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले, निफाडपर्यंत उघडले नाहीत.

मी घरात पाऊल टाकलं तेव्हा तू मागावर होतीस. तू मान वर केली नाहीस. मला वाटलं रागानं. मग दिसलं की तू मोराच्या गळ्यावर होतीस, निळ्यातून हिरव्यात जायचं तिथं. तिथं थांबता येत नाही, मला माहीत आहे. मी कोपऱ्यात उभा राहिलो. असा गळा मी कधी विणला नाही, अमिना. माझे मोर सगळे एकाच बाजूला बघतात आणि सगळे सारखे. तुझा मान मुरडून मागे बघत होता.

हात थांबल्यावर तू म्हणालीस, "जेवलास का?"

जेवल्यावर मी माझं सगळं बोललो. येतो, जागा घेतो, स्थळ बघतो. वाटेत घोकून आलो होतो. तू ऐकून घेतलंस. मला अजून तुझा चेहरा दिसतो. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

"भाई, तू परत आलास तर मी कुठं जाऊ?"

मला कळलंच नाही. मी म्हणालो, "तुझ्या घरी. लग्न होऊन."

"माझं लग्न गेलं ते तू गेलास म्हणून. आता ही जागा जाणार, तू आलास म्हणून. तुला बरं वाटावं म्हणून मी किती वेळा उठायचं?"

आणि मग तू सांगितलंस की पहिला शालू बघून शेठनं दुसरा तुझ्याच हातचा मागितला. गल्लीतल्या बायका आता दारात उभ्या राहत नाहीत, आत येऊन बसतात आणि मुलींना बरोबर आणतात. हे रंगनाथनं मला कधी सांगितलं नाही. कदाचित मी विचारलं नाही. मी फक्त तुझं काय बिघडलं तेवढंच विचारत होतो.

मी रहेमानचं नाव काढलं. तू म्हणालीस, "ते काढू नको. ते तुझ्यामुळं गेलं आणि ते तसंच राहणार. मी माफ केलं असं म्हणणार नाही. पण रोज माफी मागत बसू नको, मला काम असतं." आणि तू पुन्हा खड्ड्यात उतरलीस.

आता तुला माहीत नाही ते लिहितो. नऊ मार्चचं पत्र तू अब्बांना वाचून दाखवलं नाहीस असं म्हणालीस. निघायच्या दिवशी तू विहिरीवर गेलीस तेव्हा मी त्यांच्यापाशी बसलो आणि सगळं सांगितलं. चौक, खांब, खूण, सगळं.

अब्बा म्हणाले, "मला ठाऊक होतं."

मी म्हणालो, "कसं?"

"वर कोण आहे विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी त्या माणसानं तोंड वर केलं. एवढं मला अजून दिसतं. अनोळखी माणसासाठी कोण असं परवानगी घेतं?"

"मग हाक का नाही मारलीत?"

तुझ्या मागाचा आवाज थांबला होता म्हणून घर फार शांत होतं. अब्बा म्हणाले, "वर माणूस असला की खालून हाक मारायची नसते. तू लहान असताना कडुनिंबावर चढला होतास. तुझ्या अम्मानं घाबरून हाक मारली, तू वळलास आणि पडलास. हात मोडला. ती मरेपर्यंत म्हणायची, मी गप्प राहिले असते तर तो आपला आपण उतरला असता." मग म्हणाले, "मीही वाट बघितली. पायरीवर बसून. उतरशील म्हणून."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं की वर वारा असतो का. मी म्हणालो, असतो. "मग पट्टा नवा घे," म्हणाले.

अमिना, आणखी एक. मी राजीनामा दिला नव्हता. आठ दिवसांची रजा काढली होती, आणि तुला राजीनामा म्हणून लिहिलं. तू 'थांब' म्हणाली असतीस तर इथं राजीनाम्याचा कागद पाठवून दिला असता, असं मी स्वतःला सांगतो. खरंच पाठवला असता का, मला ठाऊक नाही. तू 'नको' म्हणालीस तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्याची लाज अजून जात नाही. ती जाऊ नये असंच वाटतं.

सोमवारपासून पुन्हा कामावर आहे. काल पावसाळ्याच्या आधीची तपासणी केली, नदीकाठचे सगळे खांब. झाडांच्या फांद्या तारांना लागतात त्या तोडल्या. मी एकटाच वर होतो. खाली बघितलं, नेहमीसारखं. चांगलं काम आहे हे. मला ते आवडतं. हे आता तुझ्यापासून लपवत नाही.

दिवाळीआधी तुझ्याकडे शालूंची घाई असणार, आणि अब्बांना आता कांड्याही भरता येत नाहीत. मला तेव्हा पंधरा दिवस मिळू शकतात. मी येऊन कांड्या भरीन, पाणी आणीन, शेठकडे निरोप नेईन. मागाला हात लावणार नाही. रात्री अब्बांजवळ झोपीन.

गेलो तेव्हा विचारलं नव्हतं. या खेपेला आलो तेव्हाही विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. म्हणून आता विचारतो.

येऊ का? पत्र लिहायला तुला वेळ नसेल तर रंगनाथजवळ 'ये' नाहीतर 'नको' एवढं सांग. तो जे सांगेल ते मी ऐकीन.

इसाक